सत्तावीस रेघांची फळी

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
आई न्हाणीघरात पडली. ताईचा फोन संग्रहालयाच्या शेडमध्येच आला, तशीच पळाले. मांडीचं हाड. सकाळी पडली आणि सांगते चार वाजता — का, तर "तुम्हाला कशाला त्रास!" काय म्हणावं या बाईला?

३ मार्च
तडकली! तीनशे वर्षं समुद्राच्या तळाशी धड राहिलेली फळी आमच्या शेडमध्ये दोन दिवसांत तडकली! बुडालेल्या जहाजावर कुणी खलाशी या फळीवर झोपायचा. उशाशी चाकूने रेघा कोरल्यात — सत्तावीस. दिवस मोजत असेल बिचारा. बरोबर त्या रेघांमधूनच चीर गेलीय.

असं लाकूड सुकलं की संपलं. म्हणून तर वर चोवीस तास नळाची धार सोडलेली. आज येऊन बघते तर नळ बंद. कडकडीत बंद! शनिवार-रविवार शेडमध्ये कोण होतं? एकटा पहारेकरी. अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

४ मार्च
साहेबांसमोरच विचारलं. "बाई, मी आलो तेव्हाच बंद होता. वाटलं, तुम्हीच केला असेल."
मग सोडायचा ना!
"इथल्या कशालाही हात लावायचा नाही, असं तुम्हीच बजावलंय."
म्हणजे चूक माझी! चोराच्या उलट्या बोंबा.

५ मार्च
चिरेत बोट जातं. रेघा वाचवता येतील असं वाटत नाही. रडले.

७ मार्च
साहेब म्हणतात, "जाऊ दे हो, अकरा वर्षं झाली त्याला इथे." मी लिहूनच दिलं — तो राहणार असेल तर मी नाही. भिडस्तपणाने आमचं वाटोळं होतंय, दुसरं काही नाही.

१० मार्च
गेला एकदाचा! किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि वर मलाच सांगतो, "मागच्या खिडकीची कडी नीट लागत नाही बाई, तेवढं बघा." मी मान वर केली नाही.

१२ मार्च
ताईचा फोन, आईच्या वॉकरबद्दल. म्हणाली, "आज कसं स्वच्छ ऐकू येतंय! त्या दिवशी मी घसा फोडून सांगतेय आई पडली, आई पडली, आणि तुझ्याकडे नळाचा आवाज. थांब, नळ बंद करते म्हणालीस, तेव्हा कुठे तुला कळलं."

किल्ल्या अजून टेबलावरच आहेत. अकरा वर्षं झाली, आणि तो राहतो कुठे, हे मला माहीत नाही.