तुतीखालच्या खोलीत कोणी झोपायचं नाही

मी, खाली सही करणारा, घरचं शेंडेफळ, म्हणून घरी आणि कामावरही ‘शेंड्या’, धंदा रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या उतरवण्याचा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, न पिता आणि कोणाच्या धाकाखाली न येता लिहून ठेवत आहे. धाकाला मी कधी जुमानलं नाही, हे दादाला ठाऊक आहे.

१. बाबांनी वाटणी केली तेव्हा पुढचं घर दादाला दिलं. मागची खोली आणि तिच्यावर झुकलेलं तुतीचं झाड मला. दादा हसला होता, “मला भिंती, तुला सावली!” ठीक आहे. सावली माझी, तर हुकूमही माझा.

२. माझ्यामागे खोली आईला मिळावी. अट एकच: वरची फांदी उतरेपर्यंत तिथे झोपायचं नाही. आई, गार वाटतं म्हणून तू तिथे खाट टाकलीस, कळतं मला. खाट पुढच्या घरात ने आणि दादाचं घोरणं ऐक. घोरण्याने कोणी मेलेलं नाही.

३. दादा गवंडी. त्याला सर्दीवरही सिमेंटच सुचेल. फांदीच्या बेचक्यात पोकळी दिसली, तर याने ती सिमेंटने बुजवली, वरून गिलावा घोटला आणि फोनवर म्हणाला, “शेंड्या, झाडाला दात बसवला बघ!” दादा, झाड वाऱ्यात हलतं, तुझा दात हलत नाही. फटीतून पाणी जातं, आतलं लाकूड कुजतं. परवा वहिनीने फोटो पाठवला, त्यात गिलाव्याच्या कडेला अळंबी उगवली आहे आणि बेचक्याला चीर गेली आहे. मी सांगितलं, तर उत्तर काय? “घर सोडून गेलेल्याने घरातलं शिकवू नये.” शिकवणार. लिहून शिकवणार.

४. फांदीला दादाने हात लावायचा नाही. शिडी लावून तर नाहीच. तिच्यावरून पंपाची वायर गेली आहे. आधी वायरमनकडून वीज बंद करून घ्या, मग फांद्या उतरवणारा बोलवा. तो टोकाकडून तुकडे करत, दोरीने खाली सोडत येईल. आधी खालून अर्धवट चीर, मग वरून काप. नाहीतर साल खोडापर्यंत सोलून निघते. शेवटचा काप खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेर. त्या जखमेवर रंग, डांबर, सिमेंट काही फासायचं नाही. झाड ती स्वतः मिटवतं. खोडही गेलंय असं तो म्हणाला, तर झाड पाडा. मी रडणार नाही.

५. माझं हेल्मेट वहिनीला. तुतीचे डाग पडतात म्हणून ती झाडाला शिव्या घालते, पण कपडे वाळत घालताना वर बघणारी घरात ती एकटीच. करवत दादाला. भिंतीवर टांगायला.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात म्हणे. हे पोचेल त्याच दिवशी वाचायचं, मोठ्याने, आईसमोर. मी धडधाकट आहे, रोज दोरीला लटकतो आणि उतरून जेवतो. भरवसा फांदीचा नाही. दादा, मला खोटं पाडायचंय? खुशाल पाड. फांदी उतरवून घे, आत लाकूड पक्कं निघालं तर मी येऊन तुझ्यापुढे नाक घासेन. पण आधी खाट हलव.

सही: शेंड्या

साक्षीदार:
१. खाली याची दोरी धरणारा. लिहिणारा शुद्धीत आहे, फक्त कोणाचं ऐकत नाही.
२. मुकादम. फोटो मीही पाहिला. फांदी पडणार.

स्थळ: कामगारांची खोली, खिडकीकडची खाट
दिनांक: सुट्टीचा रविवार. वारा सुटला आहे.