मला वाफा येत नाहीत

४ मार्च, दुपारी
दोन्ही अंडाशय गेले, गर्भपिशवीही गेली. खुद्द डॉक्टर नाम यांनी सांगितलं. माझ्या नवऱ्याला, दोकसूला, आत बोलावून स्टीलच्या ट्रेमध्ये दाखवलंसुद्धा. नवरा म्हणतो, सुकलेल्या खजुरांसारखे दिसत होते. आतडीला फार चिकटले होते, सोलून काढायला त्रास झाला, असं डॉक्टर म्हणाले. मी गाळ्यावर रोज तीनशे वामा सोलते, सापासारखे लांब मासे. एकदा ओढलं की कातडं अख्खं हातात. मी त्रासाचं बोलते का?

माझा सगळा राग त्या अंडाशयांमुळे होता. बुसानच्या बाजारात तेवीस वर्षं जी भांडणं झाली, ती त्यांनी केली. आजपासून कोणावर हात उचलणार नाही.

६ मार्च
नर्सला उशी फेकून मारली. उशी मऊ असते. ती मोजायची नाही.

२ एप्रिल
गाळ्यावर परत. शेजारची ओकबुनताई विचारत होती, गरम वाफा सुरू झाल्या का. तिचे अंडाशय सहा वर्षांपूर्वी काढले. दुसऱ्याच आठवड्यात अंगाची भट्टी झाली, बर्फाच्या पेटीत डोकं घालून उभी राहायची. मला एकही वाफ नाही. शरीर लोखंडी आहे. ती म्हणाली, थांब गुमनान, येतील. मी हात उचलला नाही. फक्त पुढच्या वामेच्या डोक्यात दाभण ठोकताना तिच्याकडे बघत होते.

१३ जुलै
भयंकर उकाडा. साऱ्या बायका पंखे हलवतायत. चार महिने झाले, मी कोरडी ठणठणीत. सगळ्यांना बोलावून सांगितलं की कातडी बघा, नवरीसारखी आहे. ओकबुनताई म्हणाली, डॉक्टरांनी चुकून दुसऱ्याच बाईचे काढले असतील. बायका हसल्या.

हातात जिवंत वाम होती. ती ओकबुनताईच्या गालावर बसली. जिवंत वाम आपणहून हलते, हे बाजारात कोणालाही विचारा. मग तिने माझे केस धरले, डोक्यात पंखा हाणला, मी बादली हाणली, तिने पोटात लाथ घातली. बर्फवाल्याने सोडवलं. त्याच्या मनगटाला मी चावले, पण ते मनगट मला तिचं वाटलं.

उद्यापासून शांती.

८ ऑगस्ट
उजवीकडे ओटीपोटात कळ. कोणीतरी आत दाभण ठोकून कातडं ओढतंय असं वाटतं. कारण उघड आहे. ओकबुनची लाथ.

३ सप्टेंबर
पुन्हा तीच कळ. मोजलं, बरोबर सव्वीस दिवसांनी. तिची लाथ कॅलेंडर बघून दुखते. बाई पक्की द्वाड आहे.

२९ सप्टेंबर, चुसोक
सणाला सासूकडे. भजी तळताना कळ आली ती अशी की मी टेबल उलथं केलं. दोकसू म्हणाला, डॉक्टरकडे चल. तव्याची कड त्याला लागली. कपाळाला तीन टाके. त्याला न्यायचंच होतं, म्हणून मीही गेले. माझी सोनोग्राफी परवा.

१ ऑक्टोबर
ही डॉक्टर नवी, म्योंग नावाची, कोवळी पोर. म्हणे उजव्या अंडाशयाला लिंबाएवढी गाठ आहे. मी म्हटलं, मला अंडाशयच नाही, नवऱ्याने ट्रेमध्ये पाहिलाय. तिने एवढंच विचारलं की गरम वाफा येतात का. मी अभिमानाने सांगितलं, एकही नाही. तिचं लिहिणं थांबलं.

वाफा येत नाहीत, म्हणजे अंडाशयाचा तुकडा आत राहिलाय आणि काम करतोय, असं ती म्हणाली. आतडीला चिकटून राहिला, वाढला, त्यालाच गाठ झाली. ती लघवीची नळी दाबतेय, उजवी किडनी सुजलीय. लवकर काढलं नाही तर किडनी जाईल.

टेबलावर प्लॅस्टिकचं गर्भाशय होतं. त्याचा अंडाशय मी मुठीत धरून उपटला आणि भिंतीवर फेकला. काढलं म्हणजे काढलं, असं सांगितलं.

ती ओरडली नाही. मॉडेल माझ्याकडे फिरवलं. मुळाशी नखाएवढा गुलाबी तुकडा तसाच होता.

"ताई, अख्खा आला असंच वाटलं ना तुम्हाला?"

३ ऑक्टोबर
पोट पुन्हा उघडणार नाही. वामेच्या कालवणाने गाठ विरघळते, असं मला वाटतं. दिवसाला चार वाट्या.

९ ऑक्टोबर
ताप, उलट्या. कालवण उलटलं. कळ आली तेव्हा सुऱ्याच्या मुठीने काचेची टाकी फोडली. चाळीस वामा गल्लीत, मी त्यांच्यात. ओकबुनताईने एका हाताने वामा ॲप्रनमध्ये गोळा केल्या, दुसऱ्या हाताने ॲम्ब्युलन्सला फोन केला. स्ट्रेचरवर तिला लाथ मारायला गेले. तिने घोटे धरून ठेवले, पार हॉस्पिटलपर्यंत.

१० ऑक्टोबर, संध्याकाळी
उद्या सकाळी आठला ऑपरेशन. डॉक्टर म्योंगने नक्की सांगितलं. किडनी बहुतेक वाचेल. या वेळी आतडीवरून शेवटचा कण सोलणार. हळूच विचारलं, राग पण निघेल ना? तिने माझी फाइल पुन्हा चाळली. म्हणाली, राग तिथे नसतो, ताई.

ओकबुनताई तिचा पंखा ठेवून गेली. एक काडी मोडलेली आहे, जुलैत माझ्याच डोक्यावर. टेप लावलीय. वाफा दुसऱ्या आठवड्यात येतील, असं ती म्हणते, म्हणजे अठरा तारखेपासून.

हलवून पाहिला. वारा बरा येतो.