चांगल्या महिन्यातला मुलूख

नदीमुखावरून,
१२ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्या भिंगरीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र गावोगाव माझ्या मागे धावून शेवटी इथे पोचलं. बदलीसाठी तुला मुलूख निवडायचाय, आणि ठमीच्या दम्याला कुठली हवा मानवेल ते मी सांगायचं, हे वाचून हबकलोच. आपल्या घरात आजवर मला कुणी भाजी कुठली आणू एवढंही विचारलेलं नाही. त्यात तू पाचवीच्या वर्गाला अख्ख्या देशाचा भूगोल शिकवणारी. पण तू म्हणतेस पुस्तकाला डोळे नसतात, तुला आहेत. ठीक. डोळे आहेत, लक्ष नाही, असं बाबा म्हणायचे, ते सोडून दे.

सामानाच्या ट्रकवर ओझी उचलणाऱ्याला देश खोक्यांतून दिसतो. डोंगरातली माणसं घर हलवताना आधी जळण बांधतात, मग कपडे, आणि भांडी अगदी शेवटी, कारण मदतीला आलेल्या सगळ्या आळीला चहा पाजायचा असतो. तिथे एका म्हाताऱ्याने मला लाकूड कसं ओळखायचं ते शिकवलं, वास घेऊन. आता मी प्रत्येक खुर्ची हुंगतो आणि उस्ताद, म्हणजे आमचा ड्रायव्हर, मला कुत्रं म्हणतो. असो. पठारावर डिसेंबरात गेलो होतो. हवा झकास, पण माणसं म्हणजे धोंडे. लोखंडी कपाट आम्ही तिसऱ्या मजल्यावर चढवलं, तर मालकाने मान डोलावली, तीही कपाटाकडे बघून. निघताना हूं नाही की चूं नाही. उस्तादच्या मते तिथे बोलायला तोंड उघडलं की माती आत जाते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सवयच मोडली.

आणि हा नदीमुखाचा मुलूख. ताई, जिकडे बघावं तिकडे हिरवं, कोवळं ऊन, आणि वारा असा की घाम येईल तर शपथ. ज्यांच्याकडे आम्ही सामान उतरवलं त्या घरमालकीण आजी मला बाळ म्हणतात. मी सव्वीस वर्षांचा घोडा, तरी विरघळलो. एक गंमत सांगतो. इथे घरोघरी फडताळाचा खालचा खण रिकामा आणि पलंगाचे पाय विटांवर. मी कारण विचारलं तर आजी हसून म्हणाल्या की खालून झाडायला बरं पडतं. काय टापटीप. कुणी खोकतं का, तेही विचारलं. आजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, इथली हवा लोण्यासारखी आहे. तू डोळे मिटून नदीमुख लिही.

ठमीला तिच्या मामाची टपली. माझ्यावर रागावत राहा, म्हणजे आठवण आहे असं समजेन.

तुझा,
भिंगरी


२८ जानेवारी

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. अक्षर अजून मुंगळ्यांच्या वरातीसारखं आहे.

मुख्याध्यापकांना दाखवलं तर ते म्हणाले की पुस्तकात नदीमुख दमट लिहिलंय. मी म्हटलं, पुस्तकात पठारावरचे लोक आतिथ्यशील आहेत असंही लिहिलंय, आणि माझ्या भावाच्या तर पाठीवर कपाट होतं. डॉक्टर कोरडी हवा म्हणतात, शेजारीण समुद्राची म्हणते, आपली मामी तर जागा बदलूच नको म्हणते. तुझे भावजी गेल्यापासून सल्ले फुकट आणि पोत्याने येतात. पण जाऊन बघितलेला माणूस तूच एक.

ठमीचं तसंच आहे. भिंतीला उशा लावून बसूनच झोपते. कालपासून पुन्हा शाळा बुडली. पुढचा हिवाळा या गावात नको, एवढं डॉक्टरांनी बजावलं आहे. एकदा मुलूख लिहिला की तीन वर्षं हलता येत नाही. तरी आज नदीमुख लिहून दिलं. रुजू व्हायचं जुलैत.

वेळेवर जेवत जा, आणि खुर्च्या हुंगणं बंद कर. लोक काय म्हणतील.

तुझी,
ताई


नदीमुखावरून,
५ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

आधी एवढंच वाच. इथे येऊ नकोस. बांधाबांध झाली असेल तर सोड.

या दिवसांत इकडे कुणी ट्रक आणत नाही, पण एका गिऱ्हाइकाच्या घरात पाणी शिरलं आणि उस्तादला दया आली. गाव ओळखू येईना मला. जानेवारीत जिथे ट्रक उभा केला होता तिथे होडी बांधलेली. त्याच आजींच्या घरी गेलो. भिंती माझ्या छातीपर्यंत काळ्या, त्यावर बुरशीची लव, मांजरीच्या अंगावर असते तशी. खालचा खण रिकामा का ते आता कळलं. पलंग विटांवर होता, विटा पाण्यात होत्या. आणि पलंगावर आजींचा नातू, ठमीएवढा, खांदे वर ओढून बसलेला. ती बसण्याची तऱ्हा मी ओळखतो, ताई. मला दारातून आत जाववेना.

मी आजींवर चिडलो. मला खोटं का सांगितलंत, असं तोंडावर विचारलं. त्या मुळीच रागावल्या नाहीत. म्हणाल्या, बाळ, चार महिने घर कोरडं असतं, तेव्हा कुणी पाहुणा आला तर त्याच्यासमोर पाण्याचं नाव काढावंसं वाटत नाही. तू खोली बघायला आला असतास तर सांगितलं असतं. तू तर दुसऱ्यांचं सामान घेऊन आला होतास.

उस्तादला हे सांगितलं तर तो माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसा बघायला लागला. म्हणाला, अरे, माणसं घर हलवतात ती हवा चांगली बघून. डोंगरात उन्हाळ्यात, पठारावर थंडीत, इथे जानेवारीत. आपण जिथे जातो तिथे मुलूख नटूनच बसलेला असतो. त्याला वाटलं, एवढं मला ठाऊक असेल. मी वर्षभर देश हिंडलो आणि सगळ्या मुलखांचा एकच महिना बघितला, चांगला. त्यावर तुला सल्ला दिला.

काहीही कर, पण ठमीला इथे आणू नकोस. उत्तर लवकर दे, शिव्या असल्या तरी चालतील.

भिंगरी


पठारावरून,
२४ जून

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

पठारावरून हा शब्द वाचून तू उडाला असशील. मीही अजून उडतेच आहे. बाजारापलीकडे एकटी न गेलेली बाई मी.

तुझं पत्र आलं तेव्हा ट्रंका बांधून दारात होत्या. मी त्यातल्याच एका ट्रंकेवर बसले, आणि तुला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. मग कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने सांगितलं की मुलूख बदलत नाही, मात्र दुसऱ्या कुणाशी अदलाबदल होते, दोघांनी समोरासमोर सही केली तर. पठारावरच्या एका गुरुजींना नदीमुख हवं होतं. ठमीला घेतलं आणि निघाले. लोक म्हणाले, जूनमध्ये पठारावर कुत्रंसुद्धा जात नाही. मी म्हटलं, म्हणूनच.

पुस्तक खोटं नाही. गुरुजींच्या घरी उतरलो तेव्हा ऊन डोक्यात खिळा ठोकत होतं, आणि दुपारी धुळीची अशी भिंत आली की हातातली पिशवी दिसेना. मला वाटलं, संपलं, ठमीचा जीव जातो आता. शेजारची बाई न विचारता आत आली, खिडक्यांवर ओली चादर टांगली, ठमीच्या नाकाला ओलं फडकं लावलं आणि गेली. एक शब्द नाही. तुझे धोंडे ते हेच. रोज तसंच. ठमी पहिले दोन दिवस शिंकली. मग धाप थांबली. मी तिच्या छातीला कान लावून बसायचे, तर मला ढकलून अंगणात पळाली. पळाली, भिंगरी. मी तिच्यामागे धावले आणि धाप मलाच लागली.

तरी सही होईना माझ्याच्याने. गुरुजींची आई ऐंशीची. तिला त्या काळ्या भिंतींत कसं ढकलू? मी तुझं पत्र त्या दोघांना मोठ्याने वाचून दाखवलं, बुरशी, होडी, सगळं. गुरुजींचं तोंड उतरलं. म्हातारी मात्र हसत सुटली. म्हणाली, बुरशी हिरवी होती की काळी? म्हातारी मूळची नदीमुखाचीच. लग्न होऊन इथे आली तेव्हापासून तिचे ओठ फुटलेले, ते आजतागायत मिटले नाहीत. रोज कानात पाणी वाजतं म्हणाली, आणि उठून बघितलं की माती. तिनेच लेकाच्या हातात लेखणी दिली. या माणसांत एवढं बोललेली बाई ती पहिलीच, आणि तीही इथली निघाली नाही.

तेव्हा सामान इकडे आण. उस्तादांना सांग की चांगल्या महिन्यासाठी थांबायचं नाही, आत्ता या, धुळीत या. तुझ्यावरचा राग पुरवून वापरते आहे, आलास की उरलेला मिळेल.

तुझी,
ताई

ता. क. ठमी लेखणी ओढते आहे. पुढचं तिचं.

मामा, मी आता आडवी झोपते. आडवं झोपलं की छत दिसतं. तुला माहीत होतं का?