छापून आलं म्हणून

१३ जानेवारी १९५७, रवि.
शाळेची पडवी बांधतोय तो किसन गवंडी काल म्हणाला, उद्या घरातले देव नदीत सोडतो, तुम्ही या. बौद्ध दीक्षा घेतलेली गावात पाच घरं. मी काहून, विचारलं. म्हणाला, ''कोनी काही म्हनलं तर सांगाले एक मानूस पायजे.''
गेलो. टोपल्यात देव. हळद तशीच. किसनच्या मायनं एकेक देव धुतला, मग पाण्यात सोडला. एक दगडी मूर्ती तिच्या ओल्या हातातून निसटली, खडकावर पडून दोन तुकडे झाले. म्हातारी मटकन खाली बसली. किसननं दोन्ही तुकडे उचलून पाण्यात ठेवले.  पलीकडे गावातला विठोबा म्हशींना पाणी पाजत होता, तो पाहत होता.
घरी बायकोला, कमलला सांगितलं. म्हणाली, आंघोळ करून घ्या आधी.

१९ जाने.
कामानिमित्त दारव्ह्याला. दिगंबर भेटला. ट्रेनिंगला एका खोलीत होतो, आता तो एका साप्ताहिकाला बातम्या पाठवतो. चहा. इकडचं तिकडचं. नदीवरचं सांगितलं, मूर्ती निसटल्याचंही. म्हातारीचा चेहरा डोळ्यांपुढून जात नव्हता, म्हणून सांगितलं. त्याने खिशातल्या कागदावर काही टिपलं. मला वाटलं, आपली सवय आहे त्याची.

२ फेब्रु., शनि.
आजच लिहून ठेवतो.
साप्ताहिक आलं. नेहमीप्रमाणे संध्याकाळी चावडीवर वाचायला बसलो. वीस-पंचवीस माणसं. आधी निवडणुकीच्या बातम्या. मग तिसरं पान. 'बोरी अरब परिसरात देवांची विटंबना. हातोड्याने मूर्ती फोडल्या.' खाली आमच्या गावाचं नाव.
दुसऱ्या ओळीत कळलं, ही माझीच गोष्ट. थांबायला हवं होतं. जीभ थांबली नाही. शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचलं, तेही शाळेत धडा वाचतो तसं, स्पष्ट, थांबून थांबून.
वाचून झाल्यावर म्हटलं, असं झालं नाही, मी होतो तिथे. कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. सगळे कागदाकडे.

३ फेब्रु.
गुलाबराव घरी आले. इकडच्या उमेदवाराचा प्रचार त्यांच्याकडे. साप्ताहिकाचा अंक मागून घेतला, नीट घडी करून खिशात. पुन्हा सांगितलं त्यांना, मूर्ती हातातून पडली, म्हातारी मटकन बसली. शांतपणे ऐकून घेतलं.
''मास्तर, तुमी एकल्यानं पायलं. पेपर दहा गावांनं वाचला.''
रागावले नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली.

६ फेब्रु.
किसनला पडवीच्या कामावरून काढलं. भिंत कमरेएवढी उभी. पाचही घरांतल्या बायांना कापूस वेचायला बोलावणं नाही. पिठाच्या चक्कीवर त्यांचं दळण परत केलं. कोणी ठरवलं? कोणीच नाही म्हणतात. सगळे करतात म्हणून आपणही.
विठोबाला गाठलं. तू तर समोर होतास. म्हणाला, ''होतोच ना. हातोडा मारताना म्या पायला. ठण् ठण् आवाज येत होता.''
खोटं बोलणारा माणूस नाही. माझ्या डोळ्यांत पाहून बोलला. त्याला आता तसंच दिसतं. हे फार...
घरी कमलनं विचारलं, तो हातोडा भिंतीच्या कामाचाच होता का?

१० फेब्रु.
पुन्हा दारव्हा. दिगंबर शपथ घेऊन सांगतो, त्याने 'एक मूर्ती भंगली' एवढंच पाठवलं, हातोडा कचेरीत घातला. निवडणुकीचे दिवस, मजकुराला जोर लागतो. वर म्हणे, तुझं नाव येऊ दिलं नाही, उपकार मान. खुलासा पाठव म्हणाला, छापतील.
तिथेच बसून दोन पानं लिहिली. खाली पूर्ण सही. टपालात टाकून आलो.

१३ फेब्रु.
शाळा सुटल्यावर किसन आला. वऱ्हांड्यात बसला. म्हणाला, ते बातमीचं वाचून दाखवा. तुझ्या शिकलेल्या भावाने वाचून दाखवलं नाही का, विचारलं.
''दाखवलं. मले तुमच्या तोंडून आयकाचं हाये. गावानं आयकलं तसं.''
दिगंबरकडून आणलेला अंक होता. वाचलं. तो जमिनीकडे पाहत होता.  उठता उठता म्हणाला, ''तुमी चांगलं वाचता, मास्तर.''
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

२३ फेब्रु., शनि.
खुलासा छापला. दोन पानांच्या चार ओळी. 'मूर्ती भंगल्याची शिक्षकाची कबुली.' खाली माझं संपूर्ण नाव, गाव. 'प्रत्यक्ष हजर असलेल्या शिक्षकांनी मूर्तीचे तुकडे झाल्याचे मान्य केले आहे.' म्हातारी नाही. ओले हात नाहीत. देव धुणं नाही.
एकही शब्द खोटा नाही त्यात. सगळे माझेच.
गुलाबराव भर रस्त्यात पाठीवर हात ठेवून गेले. किसनच्या दारावरून आलो, त्याने दार लोटून घेतलं.

२४ फेब्रु.
चावडीवर गेलो नाही. तिथे आता सोसायटीचा कारकून वाचतो. घरापर्यंत ऐकू येतं.

२ मार्च
यवतमाळहून कलेक्टर कचेरीचं पत्र. नदीवरच्या प्रकाराबद्दल चौकशी, सोमवारी हजर राहावं. गावातून अर्ज गेला आहे, पंचावन्न सह्या. त्यात आमच्या शेजाऱ्यांची. किसनलाही बोलावलंय. तो म्हणाला येईन, पण तुमच्यासंगं नाही, वेगळ्या गाडीनं.
जेवताना कमल महिन्याभरात पहिल्यांदाच म्हणाली, ''खरं काय झालं थे मले सांगा. पेपरातलं नको. तुमी पायलं थे.''
सांगायला लागलो. नदी, टोपली, म्हातारी. मूर्तीपाशी आलो आणि डोळ्यांपुढे किसनचा हात आला, हातात हातोडा. अगदी स्वच्छ. लाकडी दांड्याचा.
घास तसाच राहिला. कमल वाट पाहत होती. ''मंग?'' म्हणाली.
हातोडा नव्हता. इथे लिहून ठेवतो, हातोडा नव्हता. परवा साहेबांपुढे उभं राहायचं आहे.