हेडमास्तरांची सुट्टी

२० डिसेंबर

आज ऑफिसात मीटिंग. विषय: वर्षअखेरीच्या सुट्टीत कुत्र्यांच्या निवाऱ्याला मदत. तिथली अर्धी माणसं रजेवर जातात, कुत्र्यांना रजा नसते, असं मॅडम म्हणाल्या. कुणी जुनी ब्लँकेटं द्या, कुणी फिरवायला जा, जमलं तर एखादं कुत्रं सुट्टीपुरतं घरी न्या. सेल्समधल्या देखण्याने ताबडतोब ब्लँकेटं जाहीर केली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही. म्हणालो, ब्लँकेट काय, कुणीही देईल, त्या मुक्या जिवाला घर द्यायला हवं.

मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेणाऱ्या माणसाकडे कुणी चष्मा काढून बघत नाही. जानेवारीत आमच्या विभागाच्या प्रमुखाची जागा भरायची आहे. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

अर्थात बोललो ते तत्त्व म्हणून. उद्या सवडीने खुलासा करीन.

२१ डिसेंबर

खुलासा राहिला. मी पोचायच्या आत ऑफिसच्या ग्रुपवर माझा फोटो, खाली ‘आपल्याला अभिमान आहे’. देखण्याने टाळ्या पाठवल्या. मग सगळ्यांनीच पाठवल्या. एवढ्या टाळ्यांतून मागे फिरायला वाट राहत नाही.

बायको उद्या माहेरी जातेय, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तिला सांगितलं. ती बॅग भरत होती. म्हणाली, निदान लहान आणा. मी म्हणालो, प्रश्न आकाराचा नसतो, माणसाचा वचक पाहिजे. तिने बॅगेची चेन लावली आणि आपण आणलेल्या माशांचं काय झालं होतं, एवढंच विचारलं. मासे हा वेगळा विषय आहे.

निश्चय: पिल्लू आणायचं. तपकिरी. पायाशी बसणारं. दोन दिवसांत शिस्त, उरलेली सुट्टी वाचन.

२३ डिसेंबर

पिल्लं संपली होती. लोक पहाटेच येऊन घेऊन गेले म्हणे. गमबूट घातलेल्या निवाऱ्याच्या ताई मला शेवटच्या पिंजऱ्यापाशी घेऊन गेल्या. आत एक अवाढव्य, काळा, म्हातारा कुत्रा. एक कान फाटका, एक डोळा दुधाळ. भुंकला नाही. आपण गृहपाठ केलेला नाही हे त्याला माहीत आहे, अशा नजरेने माझ्याकडे बघत राहिला. सगळे त्याला हेडमास्तर म्हणतात. कुणी नेत नाही.

मी म्हणणार होतो की आमचं घर लहान आहे. तेवढ्यात ताईंनी फोटो काढला. मॅडमना पाठवायला.

ताईंची एकच सूचना: याला बंद दार सोसत नाही. लिफ्टही नाही. मी हसलो. लिफ्टमधल्या घाबरलेल्या माणसांना शांत करण्यात माझी हयात गेली आहे.

संध्याकाळी. चार मजले जिन्याने. दर मजल्यावर हेडमास्तर विचार करायला बसले. मीही बसलो, त्यांना सोबत म्हणून.

२४ डिसेंबर

प्रगती चांगली. मी ‘बस’ म्हणायच्या आधीच तो बसतो. फक्त माझ्या खुर्चीत बसतो.

बाथरूमचं दार लावलं की रडतो. भुंकणं नाही, एक लांब, वरवर चढत जाणारा सूर. त्यामुळे दार उघडं ठेवून आंघोळ केली. तो उंबऱ्यात बसून लक्ष ठेवत होता. पाठ चोळायची राहिली की काय, असं वाटून परत चोळली.

दूध आणायला खाली गेलो, तर तो सूर रस्त्यापर्यंत ऐकू आला. दूध न घेता परत. आमच्या दारात समोरच्या सिस्टरबाई उभ्या. रिटायर झालेल्या नर्स, एकट्या राहतात, गुडघे गेलेत, जिना सहसा उतरत नाहीत. मला वाटलं, तक्रार करणार. मी खुलासा सुरू केला की हा ट्रेनिंगचाच एक भाग आहे. त्या म्हणाल्या, “तो ओरडत नाही हो. हाका मारतोय.” आणि त्यांच्याकडचं दूध दिलं.

२६ डिसेंबर

कोंडलो आहे. वस्तुस्थिती लिहायला हरकत नाही. त्याला ठेवून बाहेर जाता येत नाही. त्याला घेऊन गेलो तर चार मजले उतरायचे आणि मग चढायचे. माझी पोटरी सुजली आहे, त्याची नाही.

निवाऱ्याच्या ताईंचा फोन. कसं चाललंय? मी म्हणालो, उत्तम, एकदम हातात आहे. मग त्यांनी सांगितलं: ह्याचे मालक घरात एकटेच असायचे. खोलीचं दार आतून लावून झोपले, ते उठलेच नाहीत. हा दाराबाहेर होता. शेजाऱ्यांनी दार तोडेपर्यंत तिथेच बसून होता.

हे आधी का नाही सांगितलं, असं विचारलं. म्हणाल्या, सांगितलं की कुणी नेत नाही.

बेडरूमचं दारसुद्धा आता उघडंच ठेवतो. हवा खेळती राहते.

२७ डिसेंबर

उद्या मॅडमच्या घरी सगळ्यांना जेवण. न जाऊन चालणार नाही. देखणा जाणार नाही, त्याची सुट्टीतली ड्यूटी आहे, माझ्याच टेबलावर फोन घ्यायला. संधी अशी परत येत नसते.

सिस्टरबाईंना थोडा वेळ बसायला सांगता आलं असतं. पण कालच त्यांना म्हणालो की मला मदतीची गरज पडत नाही. शब्दाला किंमत असते.

बेत: रेडिओ चालू. माझा वापरलेला शर्ट खुर्चीत, म्हणजे मी आहेच असं वाटेल. मी चोरपावलांनी लिफ्टने खाली. जिन्यावर त्याला पावलं ऐकू येतात.

२८ डिसेंबर

बेत शंभर टक्के यशस्वी. लिफ्टचं दार लागेपर्यंत त्याला पत्ताच नव्हता.

मग लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या जरा खाली थांबली. दिवा गेला. मी हसलो, कारण ही आमच्याच कंपनीची लिफ्ट. मोबाईल घरी चार्जिंगला. घंटीचं बटण दाबलं, तो फोन तक्रार विभागात लागतो. उचलला देखण्याने. मी नाव सांगायच्या आत म्हणाला, “घाबरू नका, माणूस निघालाय.” हे वाक्य मी त्याला शिकवलंय. माणूस निघालेला नसताना म्हणायचं असतं.

वर सूर सुरू झाला. बंद दाराआडचा सूर बंद दाराआडून ऐकायचा म्हणजे काय, ते आज कळलं. मी ओरडलो, आलो, आलो. अंधारात स्वतःलाच ते खोटं वाटलं. घाम फुटला. इतकी वर्षं लोकांना खोल श्वास घ्या म्हणून सांगत आलो. लिफ्टमध्ये खोल श्वास येत नाही, हे कुणी कळवलं कसं नाही? कदाचित कळवलं असेल. मी तेव्हा वहीत ‘शांत केले’ असं लिहीत असे.

सिस्टरबाईंकडे आमची एक किल्ली असते. त्यांनी दार उघडलं असणार, कारण सूर तुटला आणि जिन्यावर नखं वाजली. धडपडत, घसरत. मग तिसऱ्या मजल्यावरच्या लिफ्टच्या दाराशी काहीतरी जड बसलं. फटीतून श्वास ऐकू आला. मला वाटलं, आता रडेल. बंद दार, आत माणूस.

रडला नाही. बसून राहिला. मी जिवंत आहे हे त्याला कळावं म्हणून बोलत राहिलो. काय बोललो आठवत नाही. ऑफिसबद्दल बोललो, सासूबाईंच्या डोळ्याबद्दल बोललो. माशांचं काय झालं तेही सांगितलं. गप्प झालो की तो पंजाने दार खरवडायचा. परत बोलायला लागायचो.

आमचा मेकॅनिक आला, तेव्हा मॅडमकडची जेवणं उरकली होती. दार उघडलं. हेडमास्तरांनी मला डोक्यापासून बुटापर्यंत हुंगलं. हजेरी लागली. मग पाठ फिरवून जिना चढू लागले. सिस्टरबाई वर कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांच्या दारात बसून आम्ही तिघांनी चहा घेतला. त्यांचं दार दिवसभर अर्धं उघडंच असतं. वॉर्डात काम केलेली सवय, म्हणतात. कुणी हाक मारली तर ऐकू यावी.

३० डिसेंबर

ठरलं. हेडमास्तर इथेच राहणार.

बायकोला फोन केला.   म्हणाली, “करणार असाल तर करा. पण तुम्ही करायचं.” मी म्हणालो, मीच करणार. तिने परत विचारलं नाही. हे तिने विश्वासाने केलं की सवयीने, ते फोनवर कळलं नाही.

खुर्ची त्याला द्यायची. बाथरूमला दाराऐवजी पडदा. ताईंना रीतसर फोन करायला हवा. पण घाई कशाला? रोज तर त्यांना उत्तम उत्तम सांगतोय, उद्या एकदम आश्चर्याचा धक्का देऊ. म्हाताऱ्या कुत्र्याला रांग थोडीच लागली आहे.

३१ डिसेंबर

फोन राहिला. आज वर्षाचा शेवटचा दिवस, ताई गडबडीत असतील.

१ जानेवारी

ताईंचाच फोन आला. आवाजात आनंद. म्हणाल्या, तुमच्यामुळे हेडमास्तरला कायमचं घर मिळालं. मी म्हणालो, अहो, त्यात काय. मग कळलं की घर समोरचं. सिस्टरबाईंनी अठ्ठावीसलाच, मी चहाचे कप विसळत होतो तेव्हा, ताईंना फोन करून विचारून टाकलं होतं. ताई म्हणाल्या, तुम्ही तर सुट्टीपुरतंच म्हणाला होतात, म्हणून तुम्हाला त्रास नको म्हटलं.

मी म्हणालो, बरोबर. माझी योजना तीच होती.

पट्टा मीच नेऊन दिला. सिस्टरबाईंनी विचारलं, तुम्हाला वाईट नाही ना वाटत? मी म्हणालो, छे, उलट सुटलो. हेडमास्तर त्यांच्या अर्ध्या उघड्या दारातून आत गेले आणि आडवे झाले. मागे वळून बघितलं नाही. बघायला हवं होतं असं नाही.

दिवसभर घराची सगळी दारं लावून बसलो. वाचन केलं. एकच पान.

३ जानेवारी

बायको परत आली. सगळ्या खोल्यांतून फिरून आली आणि विचारलं, कुठंय? मी समोर बोट दाखवलं. ती तशीच तिकडे गेली. संध्याकाळी परतली तेव्हा कपडे काळ्या केसांनी भरलेले.

म्हणाली, सिस्टरबाईंना जिना उतरवत नाही, तेव्हा फिरवायचं काम तुमचं. सकाळ-संध्याकाळ. मी शब्द देऊन आलेय. मी स्पष्ट सांगितलं की कुत्रं त्यांचं, जबाबदारीही त्यांची. तिला पोटरीही दाखवली. ती म्हणाली, “तुम्हीच करणार होतात ना?”

प्रमुखाच्या जागेवर देखण्याचं नाव लागलं. सुट्टीत त्याने एक अडकलेला माणूस फार शांतपणे हाताळला म्हणे.

४ जानेवारी, सकाळी सहा

नाही जाणार असं ठरवून झोपलो होतो. आत्ता दारावर पंजा वाजला. उघडलं. हेडमास्तर. पट्टा तोंडात, मागे समोरचं दार अर्धं उघडं. मी बाजूला झालो, आत या म्हटलं, खुर्ची दाखवली.

आत आला नाही. मला न्यायला आला होता.