ऑर्विल ब्रूसार्डच्या डोक्याची व्यवस्था

मी, ऑर्विल जेरोम ब्रूसार्ड, वय चव्वेचाळीस, राहणार सेंट ऑलबन, लुइझियाना, अमेरिकन फुटबॉलमधला निवृत्त वाइड रिसीव्हर, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे मन ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. आईने दिलेला नाही. तिचे म्हणणे कलम चारमध्ये येईल.

१. माझी होडी धाकटा भाऊ लूशियन याला. ती तशीही त्याच्याकडेच असते. ज्या पत्र्याच्या हौदात मी सामन्यानंतर बर्फ घालून बसत असे, तो शेजारी गिड्री यांच्या गुरांना. मुळात तो गुरांसाठीच बनवलेला होता.

२. माझे झेल घ्यायचे हातमोजे ट्रेंट हॅवरकॅम्प याला. ओमाहाच्या संघात तो आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, होता. मैदानाच्या कडेने जीव तोडून पळायचे आणि त्याने फेकलेला चेंडू झेलायचा, हे माझे काम. दुसरीकडे बघायचे, हे त्याचे. परत येऊन मी दर वेळी त्याला सांगत असे की मी मोकळा होतो, अडवायला जवळ कोणी नव्हते, आणि तो म्हणे, "दिसलास रे. पुढच्या वेळी." मोजे जवळजवळ नवे आहेत.

हे लिहून मी स्वतःला विचारले की ही मालमत्तेची विल्हेवाट आहे की सूड. सूडच आहे. तरी कलम कायम ठेवावे. मात्र आपण मोकळे नव्हतो असे कुठल्याच वाइड रिसीव्हरला कधी वाटलेले नाही, हे लक्षात घेऊन माझी साक्ष एकतर्फी धरावी.

३. राहते घर मुलगी सिमोन हिला. पहिल्या मसुद्यात ते आईला होते. बदलाचे कारण खाली आहे.

४. माझा मेंदू विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला द्यावा. आमच्या खेळात डोक्याला टकरा बसतच असतात, म्हणून बरेच जण हल्ली देतात. गेल्या हिवाळ्यात मी आईकडे जेवायला निघालो आणि रस्ता चुकलो. त्याच घरात मी लहानाचा मोठा झालो आहे. माझ्या डोक्यात काय झाले आहे ते मी जिवंत असेपर्यंत नक्की कळणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. निदान नंतर कोणाला तरी कळावे.

आई, गाव जिला मिस अर्नेस्टीन म्हणते, भेंडी चिरत होती. मी सांगितले तेव्हा तिने सुरी खाली ठेवली.

"देवाने तुला अख्खा पाठवला होता, ऑर्विल. रिकामं डोकं घेऊन वर गेलास तर तो मला विचारेल."

मी म्हणालो की गुडघ्यात दोन स्क्रू आहेत, म्हणजे थोडे जास्तच घेऊन चाललो आहे. ती हसली नाही. आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, फक्त जेवण पाठवत राहिली. त्यात मीठ नव्हते.

रविवारी चर्चमधून ती थेट माझ्याकडे आली आणि खुर्चीत बसली. मग म्हणाली, "डेट्रॉइटला तू पडलास ना, तेव्हा सगळं मैदान गप्प होतं. ऊठ म्हणून ओरडत होते ती मी. एकटी."

मी म्हणालो, "ऐकलं होतं. म्हणून तर उठलो."

नंतर तिने अटी सांगितल्या. आमच्याकडे अंत्यविधीला पेटी उघडी असते, आणि पहिल्या रांगेतल्या बायका वाकून वाकून बघतात. टाके कोणाला दिसता कामा नयेत. म्हणून मला करड्या रंगाची हॅट घालावी. आई चर्चच्या दाराशी उभी राहून लोकांना जागेवर बसवते. आजवर तिने एकाही पुरुषाच्या डोक्यावर आत हॅट राहू दिलेली नाही. एकदा तर पाहुण्या बिशपची उतरवली. ही पहिली सूट आहे. माझी हॅट कोणीही काढू नये.

दुसरी अट, साक्षीदार म्हणून सही तिचीच. नोटरी व्हर्नेल फोंटेनोने तिला समजावले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, सही केली तर घर जाईल. आई म्हणाली, "पाच बाथरूमचं घर. घासणार कोण, तू? खोड ते. उद्या गावात म्हणतील, पोराचं डोकं तिच्या पाठीमागे नेलं. त्यांना माझी सही दाखव."

मी वरील सर्व वाचले आहे आणि ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे. आईच्या इच्छेविषयी मी लिहू नये. तिने स्वतः लिहिले आहे.

सेंट ऑलबन, ३ मे २०२४
ऑर्विल जे. ब्रूसार्ड

नोटरी: व्हर्नेल फोंटेनो

साक्षीदार: डेझिरे गिड्री
(शेजारीण. हौद गुरांना आहे, मला नाही.)

साक्षीदार: अर्नेस्टीन ब्रूसार्ड
(सर्व वाचले. पटलेले नाही. सही माझीच आहे.)