खुंट हलवणारा चोर

प्रिय खेकड्या,

केस पिकायला लागलेल्या माणसाला अशी हाक मारू नये, कळतं मला. पण तुझं खरं नाव लिहायला घेतलं की एखाद्या कचेरीतून पत्र धाडल्यासारखं वाटतं, आणि चिखलात आडवा आडवा चालणारा तू काही डोळ्यांसमोरून हलत नाहीस. तेव्हा राहू दे.

खाजण लाल झालंय. ती बुटकी मांसल रोपटी आठवतात ना, ज्यांची कांडी मोडून तू चोखायचास आणि खारट लागली की माझ्यावरच थुंकायचास? ती काठापासून पार नाळेपर्यंत, भरतीचं पाणी आत येतं त्या खोल ओहळापर्यंत, पेटल्यासारखी दिसताहेत. थंडीचे पाहुणेही आले. तुझे ‘सुईवाले’ कालच उतरले, लांब वाकडी चोच चिखलात खुपसून काहीतरी शिवत बसल्यासारखे. सुरय पक्षी मात्र यंदा लवकर गेले. शिंपल्यांच्या ज्या पट्ट्यावर त्यांनी अंडी घातली होती, तो पट्टा एका उधाणात धुऊन गेला. काही पिल्लं उडायच्या बेतात होती, काही नव्हती. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

माझं संग्रहालय चाललंय, म्हणजे दार उघडतं आणि बंद होतं. मिठाच्या जुन्या कोठारातली ती एक खोली, तिला बेटावरचे लोक अजून ‘ताईची अडगळ’ म्हणतात. परवा एक पाहुण्या बाई आल्या. खारं पाणी आटवायची मातीची फुटकी भांडी बघितली, बोटीच्या फासळ्या बघितल्या आणि म्हणाल्या, “एवढंच?” मी म्हटलं, “बाकीचं बाहेर चिखलात आहे, हवं तर जाऊन बघा.” त्या गेल्या नाहीत. भिंतीवरचे विमानातून काढलेले खाजणाचे फोटो तेवढे त्यांना आवडले. तिन्ही फोटोंत नाळ वेगळ्या जागी आहे. साप झोपेत कूस बदलतो ना, तशी ती सरकत आली आहे.

त्या फोटोंमुळेच मला कळलं. आता सांगते.

उन्हाळ्याच्या शेवटी नर्सबाई मुख्य किनाऱ्यावरून ओहोटीला चालत येत होत्या. नेहमीसारख्या बाबांनी वाटेवर ठोकलेल्या खुंटांकडे बघत. अर्ध्या वाटेच्या पुढे त्यांचा पाय गेला तो मांडीपर्यंत. औषधांची पिशवी आडवी टाकून, तिच्यावर पोट टेकून, सरपटत त्या बाहेर आल्या. आमच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा कमरेखाली बाई नव्हतीच, नुसता चिखल होता. म्हणाल्या, “तुमच्या बाबांनी खुंट ठोकलेत की माझी कबर खणून ठेवलीय?” आणि हसल्या. बाबाही हसले. “बाई, तुम्ही वाट सोडली असणार. माझ्या खुंटांनी आजवर कुणाला बुडवलं नाही.”

हे खरं होतं. तुलाही माहीत आहे. मोठी उधाणं सरली की बाबा काठीने चिखल टोचत जायचे, पाय धरेल तिथे खुंट ठोकायचे, जिथे टिटवीची अंडी असतील तिथे वाटेला वळसा द्यायचे. मिठाच्या गोण्या वाहणाऱ्यांपासून चालत आलेलं हे काम. दरवर्षी वाट थोडी बदलायची, कारण खाजण बदलायचं. यंदा मात्र बाबांनी चिखलाला विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी खुंटांची रांग बघून आले, मग कोठारात जाऊन फोटोंसमोर उभी राहिले. सगळ्यात जुन्या फोटोत ती रांग तंतोतंत बसत होती. आई होती, तू खांद्यावर बसायचास, तेव्हाची ती वाट. बाबा त्या खाजणातून चालतात रे. आज तिथून नाळ वाहते.

तसे ते ठीक दिसतात. जेवतात, दाढी करतात, शेजारच्या बकरीवाल्याशी भांडतात. मध्येच मला आईच्या नावाने हाक मारतात आणि मी ‘ओ’ देते, चुकीची दुरुस्ती करत बसत नाही. तुझ्याबद्दल सगळ्यांना सांगतात, “माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. मी लोकांना पार नेतो, तो वर नेतो.” बकरीवाला म्हणतो, “दोन्हींचा अर्थ एकच होतो, काका.” मग त्यावर पुन्हा भांडण.

मी काय करायचं होतं? सगळ्यांना सांगायचं, की आता यांच्या खुंटांवर भरवसा ठेवू नका? ज्या माणसाला धुक्यात अडकलेले लोक नुसती आरोळी मारायचे आणि तो कंदील घेऊन निघायचा, त्याच्याबद्दल? जीभ रेटली नाही माझी. फक्त नर्सबाईंना सांगितलं. बाकी काम हातांनी केलं. बाबा दुपारी झोपले आणि ओहोटी असली, की मी जाते, खुंट उपटते आणि जिथे जमीन आहे तिथे ठोकते. माथा किंचित समुद्राकडे झुकवून, ओढीचं पाणी उपटून नेणार नाही असा. कुणी शिकवलं नाही मला. बाबा तुला शिकवत असताना मी बांधावर बसून बघायचे, एवढंच.

बाबा दोन-चार दिवसांनी जातात, बघतात आणि परत जुन्या जागी ठोकतात. मी परत हलवते. असं चाललंय आमचं. आणि आता त्यांची खात्री पटली आहे की बेटावर खुंट हलवणारा चोर आहे. रोज जेवताना त्याचा विषय. आधी संशय बकरीवाल्यावर होता, मग पोस्टमनवर. “अक्कल असती तर लाकूड तरी घेऊन गेला असता,” म्हणतात, “हा येडा नुसता हलवून ठेवतो.” मी भात वाढते. गेल्या आठवड्यात मात्र घास हातात धरून म्हणाले, “पण हात चांगला आहे हं त्याचा. खुंट असा बसवतो की मलाही उपटताना घाम फुटतो.”

मी उठून पाणी आणायला गेले. खेकड्या, माझ्या कामाला बाबांनी चांगलं म्हटल्याचं मला तरी दुसरं आठवत नाही.

मी एकदा विचारलं होतं त्यांना, बरीच वर्षं झाली, की खुंट ठोकायची मोगरी मला द्या. रागावले नाहीत. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “तुला कशाला त्रास? वाट त्याची आहे. मी नुसती सांभाळतोय.” ती लाकडी मोगरी अजून दाराआड उभी असते. ते तिला तेल लावतात. तुझ्यासाठी.

परवा झालं ते असं. मी कोठारातून आले तर घर उघडं आणि मोगरी जागेवर नाही. धावत गेले. बाबा नाळेच्या अगदी काठावर उभे होते, घोट्यापर्यंत रुतलेले, हातात खुंट. भरती लागली होती. नाळेतलं पाणी फेस घेऊन आत येत होतं. मी हाका मारल्या, तर मागे न बघता म्हणाले, “थांब जरा, हे पाणी ओसरू दे. इथे पाणी नसतं.” लहान मूल खेळणं परत मिळायची वाट बघतं ना, तसा चेहरा. ओढलं तर हात झिडकारला. वाद घातला तर ऐकेनात. पाणी त्यांच्या पोटऱ्यांना लागलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “बाबा, घरी चला, खेकड्या आलाय.”

लगेच वळले. खुंट तिथेच टाकला आणि माझ्या पुढे चालायला लागले. घरी येऊन त्यांनी पाय न धुता सगळ्या खोल्या बघितल्या. दारामागे, पलंगाखालीसुद्धा, तू लपायचास तिथे. मग खुर्चीत बसून म्हणाले, “दमला असेल. फिरायला गेला असेल.” मी हो म्हटलं. ते अजून दाराकडे बघतात.

आज सकाळी त्यांनीच मला कागद आणून दिला. म्हणाले, “त्याला लिही, येऊन चोर पकड म्हणावं.” म्हणून हे पत्र. तर ये. पण एक ऐक, हसण्यावारी नेऊ नकोस: बोटीने ये. लहानपणीची वाट पाठ आहे म्हणून खुंट बघत चालत येऊ नकोस, ती वाट आता बाबांच्या डोक्यातच आहे. आल्यावर चोराचं नाव काढू नकोस. फक्त मोगरी माग. रीत तुला आठवत असेल: नवा माणूस मोगरी घेऊन पुढे चालतो, जुना त्याच्या पावलांत पाय ठेवत मागून, तोंडातून शब्द न काढता. कोरड्या पायांनी पार झालं, की त्यानंतर जुन्याने खुंटाला हात लावायचा नाही. आजोबांनी बाबांच्या वेळी ते पाळलेलं मी ऐकलं आहे, तुझ्या वेळी बाबाही पाळतील. माझं काय, कुणाचंच ऐकणार नाहीत, पण ही रीत ऐकतील. तुला आताची वाट येत नाही हे मला ठाऊक आहे, घाबरू नकोस. त्या दिवशी मी तुमच्या बऱ्याच पुढे असेन, दुर्बीण गळ्यात अडकवून, सुईवाले बघायला निघाल्यासारखी. मी वळेन तिथे वळ, मी थांबेन तिथे थांब, आणि खाली बघू नकोस, माझ्या पाठीकडे बघ. नंतर तू खुशाल तुझ्या लिफ्टांकडे परत जा. जाताना मोगरी दाराआड ठेव. मी उचलेन.

तुझीच,
ताई